विष गावात, उतारा सोलापुरात

आपल्याकडे कीटकनाशकाला कोणी विष म्हणत नाही, औषध म्हणतात. 'आज बागेत औषध मारायचंय', 'औषधानं डोळे चुरचुरतात', आणि गावात वाईट बातमी आली की 'त्यानं औषध घेतलं'. ह्या शेवटच्या वाक्यातलं औषध कुठलं, ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही. माझी सगळी नोकरी सरकारी औषधभांडारात गेली, सोलापूर जिल्ह्याच्या तीन तालुक्यांत. त्यामुळे हा शब्द मी दोन्ही बाजूंनी ऐकला. बाहेरच्या औषधानं पडलेला माणूस आत आणला जायचा आणि आम्ही आत त्याच्यासाठी औषध शोधत बसायचो. बाहेरचं मुबलक असायचं, आतलं मोजकं.

एक दुपार विसरता येत नाही. सांगोल्याच्या बाजूला डाळिंबाच्या खोडकिड्यासाठी गेरूत क्लोरोपायरीफॉस कालवून खोडांना लावायचं काम चालू होतं. लावणारा गडी तिशीचा. हातमोजे नाहीत, अंगात बनियन, वर एप्रिलचं ऊन. दोनच्या सुमाराला त्याला घाम फुटला, तोंडातून लाळ गळायला लागली, आणि दोघांनी मोटारसायकलवर मधे धरून त्याला आमच्याकडे आणलं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, छातीत घरघर, दंडाचं मांस आपोआप फडफडत होतं. डॉक्टर नवे होते, पण त्यांना निदान लगेच झालं. त्यांनी ॲट्रोपिन मागितलं. माझ्याकडे चार अँप्युल होते. चारही दिले आणि सोलापूरला पाठवला. मंगळवेढा मागे पडलं, माचणूरच्या अलीकडे गाडीतच तो गेला.

दोष मी कोणावर टाकत नाही, कारण इंडेंट मीच भरला होता. औषधांची मागणी मागच्या वर्षीच्या खपावर करायची, असा शिरस्ता. मागच्या वर्षी ॲट्रोपिन किती लागलं? वीसेक. म्हणून ह्या वर्षी पंचवीस मागा. वीसच का लागलं होतं? आमच्याकडे फारसं नव्हतं म्हणून प्रत्येक रुग्ण दोन-चार अँप्युल टोचून पुढे पाठवला जायचा. साठा नाही म्हणून खप नाही, खप नाही म्हणून साठा नाही. कागदावर हे इतकं नीटनेटकं दिसतं, की ऑडिटवाल्यालाही त्यात खोट सापडत नाही.

ह्या जिल्ह्यात फवारणीचं विष गल्लीबोळात मिळतं. त्याचा उतारा मात्र, पुरेशा मात्रेत, जवळपास फक्त शहरात मिळतो, आणि ही मांडणी उलटी व्हायला हवी. त्यासाठी नवं काही शोधून काढायची गरज नाही, एवढंच मला सांगायचंय.

आधी ह्या विषाचं काम कसं चालतं ते पाहू, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे. क्लोरोपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही सगळी सेंद्रिय फॉस्फरस गटाची भावंडं. सोलापुरात गिरण्या होत्या तेव्हा पाळीचा भोंगा व्हायचा. भोंगा वाजला की माणसं कामाला लागायची, पण तो वेळेत बंदही व्हायचा. शरीरात मज्जातंतूच्या टोकाशी असाच भोंगा वाजतो, त्याचं नाव ॲसिटिलकोलीन. तो बंद करणारं बटण म्हणजे कोलिनएस्टरेज नावाचं विकर. हे विष नेमकं ते बटण जाम करतं. मग भोंगा वाजतच राहतो. ग्रंथी पाझरत राहतात, फुप्फुसात पाणी भरतं, हृदय मंदावतं, स्नायू थरथरून शेवटी थकतात आणि श्वास थांबतो. माणूस कोरड्या शिवारात, स्वतःच्या छातीतल्या पाण्यात बुडून मरतो.

ॲट्रोपिन भोंगा बंद करत नाही. ते ऐकणाऱ्याच्या कानात बोळे घालतं. ग्रंथी, फुप्फुस आणि हृदय ह्यांच्या कानात हे बोळे घट्ट बसतात, हातापायाच्या आणि श्वासाच्या स्नायूंच्या कानात बसत नाहीत. म्हणून काही रुग्णांना ॲट्रोपिन देऊनही व्हेंटिलेटर लागतो. दुसरं औषध प्रॅलिडॉक्झिम, दवाखान्यात त्याला 'पॅम' म्हणतात. ते जाम झालेलं बटण सोडवू पाहतं, पण बटण कायमचं गंजून बसायच्या आत ते पोचायला हवं. काही विषांत हा गंज तीन-चार तासांतच निम्म्या बटणांना धरतो, काहींत दिवसभराहून जास्त वेळ मिळतो.

सिद्धेश्वराला आपण धोत्र्याची फळं वाहतो. त्याच धोत्र्यात ॲट्रोपिनच्या कुळातली द्रव्यं आहेत. धोतरा पोटात गेलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, बाहुल्या विस्फारतात, तो बरळायला लागतो. म्हणजे फवारणीच्या विषाच्या बरोबर उलट. हे वाचून कोणी धोत्र्याचा काढा करू नये. मुद्दा एवढाच, की ॲट्रोपिन हेही मुळात विषच आहे, आणि आमचे डॉक्टर त्याला भितात ते त्याचमुळे.

भीती कशी काम करते ते आकड्यांतच पाहावं. आपल्याकडे ॲट्रोपिनचा नेहमीचा अँप्युल एक मिलिलिटरचा, त्यात ०.६ मिलिग्रॅम औषध. शस्त्रक्रियेआधी भूल देताना एखादा पुरतो, म्हणून डॉक्टरच्या डोक्यात 'एक-दोन अँप्युल' हे माप बसलेलं असतं. विषबाधेत सुरुवातच साधारण ३ मिलिग्रॅमनं करतात, म्हणजे पाच अँप्युल. पाच मिनिटांनी छाती ऐकायची. घरघर असेल तर दुप्पट, म्हणजे दहा. पुन्हा पाच मिनिटांनी वीस. मग चाळीस. छाती मोकळी होईपर्यंत, नाडी आणि रक्तदाब सावरेपर्यंत हे थांबवायचं नाही. पंधरा मिनिटांत पंच्याहत्तर अँप्युल! प्रत्येक रुग्णाला इतकं लागत नाही, पण ज्याला लागतं त्याच्यासाठी मी चार ठेवले होते.

हे दुप्पटीचं गणित बांगलादेशातल्या डॉक्टरांनी तपासून पाहिलं. २०१२ मध्ये त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतीनं, म्हणजे ठरावीक डोस अधूनमधून टोचत राहिलं, तर शंभरातले बावीसहून अधिक दगावले. दुप्पट करत नेऊन नंतर सलाइनमधून चालू ठेवलं, तर आठ. औषध तेच. फरक पडला तो हिमतीचा आणि साठ्याचा. आणि ॲट्रोपिनचा एक अँप्युल चहाच्या कपापेक्षा महाग नाही.

आता उताऱ्याच्या पेनाविषयी. हल्ली मोबाइलवर एक चित्रफीत फिरते. परदेशी सैनिक मांडीवर पेनासारखं काहीतरी दाबतो, सुई आपोआप आत जाते, आणि खाली मजकूर असतो, 'आपल्या शेतकऱ्याला हे कधी मिळणार?' मलाही आधी तसंच वाटलं होतं. हे ऑटो-इंजेक्टर मुळात रासायनिक युद्धासाठी बनले. आपल्याकडेही डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेनं ते सैन्यासाठी तयार केले आहेत. अमेरिकी पेनात ॲट्रोपिन दोन मिलिग्रॅमच्या आसपास आणि पॅम ६०० मिलिग्रॅम असतं. गंभीर बाधा झाली तर तीन पेनं मारायची. तीन पेनं म्हणजे सहा मिलिग्रॅम ॲट्रोपिन, आपले दहा अँप्युल. सरीनसारखं युद्धातलं विष उडून जाणारं असतं. सैनिक त्या जागेवरून बाहेर काढला की नवं विष अंगात जाणं थांबतं. आपल्या शिवारातलं द्रावण कातडीला, कपड्यांना चिकटतं, पोटात गेलं तर तिथे बसून राहतं, काही जातींचं तर चरबीत मुरून दिवसेंदिवस रक्तात उतरतं. तिथे तीन पेनं म्हणजे दुष्काळात तांब्याभर पाणी. शिवाय त्या पेनाची किंमत, त्याची मुदत, आणि ते सरपंचाच्या कपाटात पडून राहणार ही खात्री. १०८ च्या गाडीत ठेवली तर माझी हरकत नाही, रस्त्यावर शीर सापडत नाही तेव्हा ती कामाला येतील. पण शेतकऱ्याच्या हाती पेन देऊन आरोग्य केंद्राचं कपाट रिकामं ठेवायचं, ह्याला माझा सक्त विरोध आहे.

सैनिकाचं विष आणि शेतकऱ्याचं विष एकाच घरातलं, हे मात्र खरं. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ट श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडीवरचं औषध शोधत होता, त्याला टाबुन सापडलं. दोन वर्षांनी सरीन. पुढे २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत एका पंथाच्या लोकांनी सरीन सोडलं. पाच हजारांवर माणसं दवाखान्यांकडे धावली, एकट्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या दिवशी ६४० जण आले. एवढ्या प्रचंड शहरात पॅम पुरेसं नव्हतं, कारण शहरात शेती नाही, मग ते कोण ठेवणार? ते नागोयाकडून बुलेट ट्रेननं मागवावं लागलं. शेतीच्या विषबाधेसाठी ठेवलेलं औषध महानगराच्या कामी आलं.

हे सांगायचं कारण पंढरपूर. आषाढीला तिथे लाखो माणसं उतरतात. त्या गर्दीसाठी आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठका होतात, चेंगराचेंगरी, आग, गढूळ पाणी ह्यांचा विचार होतो, तो व्हायलाच हवा. पण पुणे-सोलापूर महामार्गावर रसायनांचे टँकर रोज धावतात. एखादा कीटकनाशकाचा टँकर टेंभुर्णीजवळ उलटला तर काय, ह्याचं उत्तर आणि सांगोल्याच्या गड्याला काय द्यायचं ह्याचं उत्तर एकच आहे. शेतीसाठी तालुक्यातालुक्यात ठेवलेला साठाच अशा दिवशी एकत्र करता येतो. घातपातासाठी वेगळी योजना, वेगळं बजेट, वेगळं गोदाम, हा शहाणपणा आपल्या जिल्ह्याला परवडणार नाही.

पॅमविषयी मी थोडा सावध आहे. २००६ मध्ये बारामतीच्या डॉक्टरांची एक चाचणी 'लॅन्सेट'मध्ये आली. आपल्या शेजारचं गाव, रुग्ण दोनशे. ज्यांना पॅम मोठ्या मात्रेत सलग चालू ठेवलं त्यांच्यात शंभरात एक दगावला, ज्यांना चार-चार तासांनी दिलं त्यांच्यात आठ. त्या वेळी आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला होता. मग २००९ मध्ये श्रीलंकेतली चाचणी आली. तिच्यात पॅम दिलेल्यांचा काही फायदा दिसला नाही, उलट त्यांच्यातले मृत्यू जास्त भरले. बारामतीचे रुग्ण लवकर पोचणारे आणि चांगली सोय मिळालेले होते, श्रीलंकेत विषं वेगळी आणि रुग्ण जास्त गंभीर, अशी कारणमीमांसा होते. वाद मिटलेला नाही. माझं मत असं, की पॅम ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात ठेवा, तिथल्या फिजिशियनला ठरवू द्या. प्राथमिक केंद्राला पॅमच्या वादात ओढू नका. ॲट्रोपिनवर कुठलाच वाद नाही, ऑक्सिजनवर नाही, छातीतलं पाणी ओढणाऱ्या सक्शन मशीनवर नाही. वाद नसलेल्या वस्तू आधी पुरवू.

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे: सगळी विषं एका जातीची नसतात. तणनाशकातल्या पॅराक्वाटला उतारा नाही. ज्वारीच्या कणगीत टाकायच्या गोळ्यांनाही नाही. कपाशी-तुरीवरच्या काही फवारण्या वेगळ्याच गटाच्या, त्यांत ॲट्रोपिन ओतून उपयोग नाही. म्हणून बाटली सोबत आणा, हे गावोगाव सांगायला हवं. बाटलीवर विषाचं नाव असतं, लाल-पिवळा-निळा-हिरवा त्रिकोण असतो, आणि आतल्या घडीच्या पत्रकात उतारासुद्धा छापलेला असतो. गंमत बघा, पत्रकावर उतारा लिहिणं सक्तीचं, तो जवळपास मिळतो का हे बघणं कोणाचंच काम नाही. बाटली नसेल तरी बारीक बाहुल्या, लाळ, घाम, घरघर ही चार लक्षणं सिस्टरच्या डोळ्यांना पुरेशी आहेत. आणि घरच्यांनी मिठाचं पाणी, चिंचेचा कोळ पाजून उलट्या काढू नयेत, ते पाणी फुप्फुसात जातं. कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा, कुशीवर निजवा आणि गाडी बोलवा.

दुसरा आक्षेप चारचौघांत बोलत नाहीत, पण ड्यूटीरूममध्ये मी तो शंभरदा ऐकला. 'ज्याला मरायचंच आहे त्याच्यावर पाऊणशे अँप्युल कशाला?' ह्याचा मला राग येतो. एक तर फवारताना बाधा झालेल्याला मरायचं नसतंच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर कपाशी फवारता फवारता गेले, शेकडो दवाखान्यात पडले. आणि ज्यांनी रागाच्या, नैराश्याच्या भरात बाटली उचलली, त्यांतले कितीतरी तासाभरात पस्तावलेले मी पाहिलेत. वाचलेली माणसं पुढे माझ्याच खिडकीशी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायची, नातवंडं कडेवर घेऊन यायची. अशा मनःस्थितीत कोणी असेल तर १४४१६ ह्या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, हेही केंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं हवं. आणि पोलीस केसच्या भीतीनं दार लावणाऱ्या खासगी डॉक्टरांना आठवण करून द्यावी लागते, की १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आधी उपचार, कागद नंतर, असं स्वच्छ सांगितलेलं आहे.

विषांवरच बंदी घाला, हे म्हणणंही मला मान्य आहे. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकं एकेक करून हटवली आणि वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण साधारण ७० टक्क्यांनी उतरलं. बिहारच्या सारण जिल्ह्यात २०१३ मध्ये शाळेच्या जेवणातून २३ मुलं गेली ती मोनोक्रोटोफॉसनं, आणि त्याचं नेहमीचं द्रावण बंद करण्याचा आदेश निघायला २०२३ उजाडलं. बंदी ह्या वेगानं येते. तोवर डाळिंबाच्या हस्त बहाराच्या फवारण्या थांबणार आहेत का?

आता पैशाचं आणि जबाबदारीचं. इथे एक जुना कागद काढतो. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठानं शंभराहून अधिक माणसं दगावली. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ चे नियम. त्यातला ४१ वा नियम सांगतो, की उत्पादक, वितरक आणि धंदा म्हणून फवारणी करून देणारे ह्यांनी विषबाधेवर लागणारी प्रथमोपचाराची साधनं, उतारे आणि इंजेक्शनं पुरेशा प्रमाणात बाळगली पाहिजेत. पन्नास वर्षं उलटून गेली. मी निवृत्त झाल्यावर सहज म्हणून आमच्या भागातल्या सहा कृषी सेवा केंद्रांत हा नियम विचारला. चौघांना तो ठाऊक नव्हता. एकानं पट्टी-कापसाची पेटी दाखवली. सहावा म्हणाला, 'काका, परवाना तपासायला येतात ते साठा आणि बिलबुक बघतात. उतारा कोण बघतंय?' ब्लोअर भाड्यानं देणारे आणि आता ड्रोननं एकरी फवारून देणारे, ह्यांना तर आपण ह्या नियमात येतो ह्याचीच कल्पना नाही.

दुकानदारानं इंजेक्शन टोचावं असं मला अजिबात वाटत नाही. ते भलतंच होईल, आणि दुकानाला रात्री आठला कुलूप लागतं. पण नियमाचा हेतू धरून चालायचं तर मार्ग सरळ आहे. जिल्ह्याच्या कृषी खात्यानं परवाना नूतनीकरणाच्या वेळी वितरकांकडून हा साठा, औषधाच्या रूपात, त्या-त्या भागातल्या आरोग्य केंद्राकडे जमा करून घ्यावा. मुदत संपायच्या सहा महिने आधी तो सिव्हिलला द्यावा, तिथे खप असतो, आणि बदल्यात नवा घ्यावा. मग एक्स्पायरीचं रडगाणं उरत नाही. त्याच कायद्याच्या २६ व्या कलमानं राज्य सरकार विषबाधेच्या प्रत्येक घटनेची नोंद कळवणं सक्तीचं करू शकतं. ती नोंद झाली तर माझ्यासारख्या भांडारपालाला मागच्या वर्षीचा खप बघून इंडेंट भरावा लागणार नाही. किती माणसं पडली ते बघून भरता येईल.

सापाची लस आपल्या केंद्रांत मिळते, कारण लोक तिच्यासाठी भांडतात, पेपरात बातमी येते, सभापती फोन करतात. विंचवाचंही तसंच. महाडजवळच्या एका साध्या प्राथमिक केंद्रात बसून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचा उपचार बदलला, आणि त्यासाठी वापरली ती रक्तदाबाची साधी गोळी. साप-विंचवाला आपण वैरी मानतो म्हणून उतारा मागतो. फवारणीचं औषध आपणच पैसे मोजून आणलेलं असतं, त्यामुळे त्याच्या उताऱ्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही.

करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, सांगोल्याहून ऐंशीच्या आसपास. सिव्हिलमध्ये ह्या रुग्णांवर हात बसलेले डॉक्टर आहेत, व्हेंटिलेटर आहेत, तिथे माणूस जिवंत पोचला तर त्याला संधी आहे. तो जिवंत पोचण्यासाठी लागणारा पहिला अर्धा तास तालुक्यातच मिळाला पाहिजे. प्रत्येक प्राथमिक केंद्रात शंभर अँप्युल, ग्रामीण रुग्णालयात तीनशे. लक्षणं दिसली आणि डॉक्टर जागेवर नसले तर पहिले पाच अँप्युल सिस्टरनं द्यावेत, असा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या सहीचा कायमचा लेखी आदेश. दुप्पटीचा तक्ता भिंतीवर. आणि खरेदी करताना ०.६ मिलिग्रॅमच्या काचा फोडत बसावं लागणार नाही अशी मोठी कुपी मागावी. रुग्ण तडफडत असताना एकामागून एक अँप्युल फोडणाऱ्या सिस्टरची बोटं मी पाहिली आहेत.

गेल्या महिन्यात माझ्या जागी आलेल्या मुलाला भेटलो. हुशार आहे, सगळं संगणकावर करतो. ॲट्रोपिनचा साठा विचारला तर त्यानं पडद्यावर बघून सांगितलं, 'सर, तीस आहेत. मागच्या वर्षी चोवीस लागले होते.'